युस्टिनाची तीन मिनिटं

सकाळी अंगण झाडता झाडता युस्टिना थांबली. हातात खराटा, डोळे टक्क उघडे, पापण्या तेवढ्या फडफडत होत्या. दहा-बारा सेकंदांनी ती पुन्हा झाडायला लागली, काही झालंच नसल्यासारखी. चुलीपाशी बसलेल्या तिच्या आजीने, स्कोलास्टिकाने, ते पाहिलं आणि नेहमीसारखं तोंड फिरवलं.

नऊ वर्षांच्या त्या पोरीला दिवसातून वीसेक वेळा असं व्हायचं. शाळेत मास्तर ‘लक्ष कुठंय’ म्हणून छडी हाणायचे. घरची सगळी एका परातीभोवती बसून मक्याच्या पिठाची उगाली खायची आणि युस्टिना दाराशी, वेगळ्या पत्र्याच्या ताटलीत.

आमच्या टांझानियातल्या माहेंगेच्या डोंगरात मिरगीच्या या आजाराला किफाफा म्हणतात, तेही हळू आवाजात. झटका चालू असताना जो शिवेल त्याला तो लागतो, अशी इथली समजूत. आणि घरात एकाला किफाफा असल्याचं कळलं, की त्या घरच्या दुसऱ्या पोरीला कोणी पत्करत नाही. युस्टिनाच्या थोरल्या बहिणीचं, एमेरिताचं, लग्न जुळत आलं होतं. म्हणून सारं झाकून ठेवलेलं.

दवाखान्याच्या नर्स बेनादेताबाई शाळेतली पोरं तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी युस्टिनाला वर्गात तशी थिजलेली पाहिली. संध्याकाळी त्या घरी आल्या आणि तिच्या आईला, तेओदोसियाला, म्हणाल्या, “हिला दवाखान्यात आण. कागदाचं भिरभिरं देते, तीन मिनिटं फुंकू दे. भराभर श्वास झाला की झटका माझ्यासमोर येईल. मग मला कळेल, कोणता प्रकार आणि कोणती गोळी.”

“म्हणजे मुद्दाम आणायचं?”

“मुद्दामच. मी जवळ असेन, घाबरायचं काही नाही. नीट पाहिल्याशिवाय औषध कसं देऊ?”

आजी आतून कडाडली, “घरात साप शिरला तर माणसं हाकलतात. ह्या बाईला त्याला शीळ घालून बोलवायचंय. तेही साऱ्या गावादेखत! एमेरिताला काय जन्मभर घरात ठेवायचीय?”

तेओदोसिया गप्प बसली. मला आजही त्या गप्प बसण्याचा राग येतो.

दोनच दिवसांनी आजी युस्टिनाला घेऊन वैदूकडे गेली. त्याने पोरीला घोंगडीखाली कोंडलं आणि आत हत्तीच्या शेणाचा धूर केला. जीव गुदमरला, पोर धापा टाकायला लागली, आणि थोड्या वेळात एकटक बघत थिजली. “बघा, आला,” वैदू म्हणाला. “मेलेल्या चुलत्याचा आत्मा आहे. दवाखान्याचं काम नाही हे.” आजीचं समाधान झालं. अहो, हेही मुद्दाम आणणंच ना? पण धुराने आणलेलं चालतं, कागदाने आणलेलं चालत नाही. काय बोलायचं असल्या अकलेला!

पुढच्या सोमवारी तेओदोसिया शेतात होती. युस्टिना उगाली ढवळत होती आणि ढवळता ढवळता थिजली. खांद्यावर पांघरलेल्या सुती कांग्याचं टोक घसरून चुलीत गेलं आणि पेटलं. आजी तीन हातांवर होती. शेजारीण दारात होती, तिच्या कडेवर पाण्याची बादली होती. “शिवू नका, अजून आत आहे,” आजी म्हणाली. ती लांब काठी शोधायला धावली. शेजारीण बादलीसकट मागे सरली. पोर शुद्धीवर आली ती किंचाळतच, आणि तिने स्वतःच मातीत लोळून आग विझवली.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तेओदोसिया धावत आली. तिने आधी हात पाहिला, मग सासूच्या हातातली काठी पाहिली.

“तुम्ही हिला काठीने ढकलणार होता?”

“मग काय करू? मला झालं असतं तर तुम्हाला कोणी बघितलं असतं?”

“तुमची नात आहे ती,” तेओदोसिया म्हणाली, आणि पोरीला पाठीवर बांधून चालायला लागली.

दवाखान्याच्या ओट्यावर तान्ह्या पोरांच्या आयांची रांग होती. मीही होते, नातवाला टोचून घ्यायला. बाईंनी पोरीला आत घेऊन पट्टी बांधली, मलम दिलं. तेओदोसिया म्हणाली, “आता ते भिरभिरं द्या.”

“आज नको. हात बरा होऊ दे.”

“सहा दिवस उशीर केला, त्याचा हा हात. आजच करा.”

बाईंनी पोरीचा चेहरा न्याहाळला, तिला थोडा वेळ बसवलं. मग दार लोटायला गेल्या. तेओदोसियाने दार धरलं. “राहू द्या उघडं. लपवून काय झालं ते दिसतंय.”

“वैदूकडे काय झालं होतं?” बाईंनी विचारलं.

“धाप लागली आणि मग आलं.”

“धाप लागली म्हणूनच आलं. इथे ना धूर आहे, ना आत्मा. कागद आहे आणि तिचा श्वास आहे. बघ तू.”

युस्टिना फुंकायला लागली. भिरभिरं गरगर फिरलं. रांगेतली तान्ही पोरं ते बघून हसली. एक मिनिट. दोन. मग भिरभिरं हळू झालं, थांबलं, आणि युस्टिनाचे डोळे कुठेतरी लांब लागले. बाई घड्याळाकडे बघून मोजत होत्या. “हेच ते. याला औषध आहे. नियमाने घेतलं तर बहुतेक पोरांचं थांबतं.”

तेओदोसियाने लेकीला छातीशी धरलं, झटका चालू असताना, सगळ्यांसमोर. लाळ आपल्या कांग्याने पुसली. पोर भानावर आली, बाईंनी पहिली गोळी हातावर ठेवली, तशी ती रांगेकडे वळून म्हणाली, “घोटभर पाणी द्या कोणी. तिला गोळी घ्यायची आहे.”

कोणी हललं नाही. एकीने पोराला कांग्याआड घेतलं. कुणी पायरीवरून खाली उतरलं.

मी या गावात बावीस वर्षं शाळा शिकवली. पोरींना शिकवा, औषध घ्या, वैदूकडे जाऊ नका, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. त्या दिवशी माझ्या हातात पाण्याने भरलेला मग होता. तेओदोसियाने माझ्याकडे पाहिलं. मी तो मग पाठीमागे घेतला.

शेवटी ती स्वतःच उठली आणि पोरीला कडेवर घेऊन मागच्या नळावर गेली.