असंच ठेवायचं का?

आमचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला तेव्हा वाईट वाटलं ते ह्यांना. मला काय, त्या धुडाखालची धूळ पुसण्यातून सुटका झाली.

त्यावर फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम होती. लेकीनं नोकरीसाठी दूरदेशी जाण्याआधी स्वतः बसवून दिलेली. पण त्या सिस्टीमचं म्हणजे रोज मरे त्याला कोण रडे. नवीन काही उतरवून घेतलं की कधी आवाज जायचा, कधी प्रिंटर ओळख द्यायचा नाही. मग लेक तिथून आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला की हे माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे. फोन स्पीकरवर असायचा. दुरुस्ती होईस्तोवर जेवलीस का, थंडी किती आहे, घरमालकीण अजून कुरकुरते का, सगळं विचारून व्हायचं. मी मागे भाजी निवडत बसायची. पोरगी आज घाईत आहे की निवांत, हे मला बाणाच्या चालीवरून कळायचं.

नवीन घ्यायला गेलो तर दुकानदारानं तळहाताएवढे दोन डबे पुढे ठेवले. म्हणे हेच आताचे कॉम्प्युटर. दिसायला अगदी जुळे भाऊ. एकात सिस्टीम तयार, लावा आणि विसरून जा. दुसरा कोरा, हवी ती आपली आपण बसवायची. ह्यांनी कोऱ्या डब्यावर बोट ठेवलं. ह्या वयात कशाला डोकेदुखी, असं दुकानदारानं समजावलं, तर डोकं माझं आहे म्हणाले. तिथूनच लेकीला फोन लावला. ती कामात होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तयारच घ्या," ती म्हणाली. "मला आता खरंच वेळ होत नाही हो."

ह्यांनी बोट उचललं आणि दुसऱ्या डब्यावर ठेवलं. लेकीच्या सांगण्यावरून दुकानदारानं तिला आत शिरण्याची सोय तेवढी करून दिली होती, लागलीच कधी तर असावी म्हणून.

डबा गुणी निघाला. इतका गुणी की त्याचा राग यावा. लेकीचा फोन यायचा, सगळं ठीक ना, हे म्हणायचे ठीक, की झालं बोलणं. मग हे उगाच आवाज कमीजास्त करून बघायचे, प्रिंटरमधून कोरा कागद काढायचे. सगळं चालायचं. मला पोरीची आठवण आली की मी सरळ बोलून दाखवते. हे बोलत नाहीत, माउस पुसत बसतात. ते बघून माझाच जीव तुटायला लागला.

शेवटी मी कंबर कसली. हे फिरायला गेल्यावर खुर्चीत बसले. इतकी वर्षं तो बाण कुठेकुठे जातो ते फुकट नव्हतं बघितलं. पडद्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि सगळं चित्र उलटं केलं, डोकं खाली, पाय वर. त्यानं विचारलं, असंच ठेवायचं का? 'हो' शोधेपर्यंत थोडा वेळ गेला तर ते आपलं आपण परत सरळ झालं. दुसऱ्या खेपेला मात्र मी चपळाईनं 'हो' गाठलं.

हे आले, बसले आणि बातम्या वाचायला लागले. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. ना हाक, ना ओरडा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसाचा जन्म छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला, उलटी अक्षरं ह्यांना सुलट्याहून सोपी.

मी बाहेर येऊन म्हटलं, बिघडलाय वाटतं.

"वाचता येतंय की," हे म्हणाले. "तिला कशाला त्रास?"

पण हात माउसवर नव्हता, मांडीवर होता. मग मीच लेकीला फोन लावला.

थोड्या वेळानं बाण हलला. इकडे गेला, तिकडे गेला, थांबला.

"आई," ती म्हणाली, "हे आपोआप होत नाही. असंच ठेवायचं का म्हणून ते विचारतं. कुणीतरी हो म्हटलंय."

"मी म्हटलं," मी सांगून टाकलं. "तुझा बाण बघायचा होता. ह्यांनाही बघायचा होता, पण हे मरतील तरी बोलायचे नाहीत."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग चित्र सरळ झालं आणि मधोमध तोच प्रश्न आला, असंच ठेवायचं का? बाण 'हो'पाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. तिनं दाबलंच नाही. बघता बघता पडदा पुन्हा उलटा झाला.

"गेलं बघा, बाबा," ती म्हणाली. "आता परत पहिल्यापासून करावं लागणार."

"कर सावकाश," हे म्हणाले. "जेवलीस का?"