उलट्या कार्डांचा खण

मी एका जुन्या टेबलाचा खण बोलतोय. तुमच्या घरच्या खणांत बिलं, रबरबँड, वाळलेली पेनं असतील. माझ्या पोटात एकच इंग्रजी क्रियापद आहे, 'टेक'. त्याची एकशे बारा कार्डं.

सुताराने मला जरा घट्टच बनवलं, म्हणून मी अडकतो. धनी मिळाला तो इंग्रजी-चिनी कोशकार. इंग्रज औषध, बस, फोटो, सगळ्यांना एकच 'टेक' लावून मोकळा. चिनीत मात्र औषध खातात, बसमध्ये बसतात, फोटोला तिसरंच काही. म्हणून प्रत्येक अर्थाचं वेगळं कार्ड. आठ वर्षं त्याचा हाच उद्योग.

त्याचं चिनी शिकलेलं, शेजारच्या बाईंचं जन्माचं. त्या दर शुक्रवारी यायच्या, कार्ड वाचायच्या आणि पटलं तर माझ्यात उलटं उभं करायच्या, डोकं खाली. सही नाही, खूण नाही. "चांगल्या कार्डावर कशाला खरडायचं?" म्हणायच्या. औषधाचं कार्ड उलटं करताना त्या हसल्या होत्या. "पहिल्या झटक्यात बरोबर आलेलं हे एकच हो तुमचं."

गेल्या महिन्यात बाई वारल्या. पंधरा दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. मग त्याच्या धाकट्या बहिणीने टेबल पुसलं आणि त्याला बरं वाटावं म्हणून सगळी कार्डं सुलट केली.

"दादा, किती उलटसुलट कोंबली होतीस रे. नीट लावली बघ."

त्याने माझ्यात वाकून पाहिलं. "अगं, काय केलंस हे?"

उद्या सकाळी छापखान्याचा माणूस येणार. बाईंनी न तपासलेलं एकही कार्ड छापणार नाही, असा माझ्या धन्याने त्यांना शब्द दिला होता. खात्रीने आठवतात ती वीस-बावीस. बाकीची तो एकेक करून फाडतोय. बहीण दारात रडतेय. तो तिला रागावलाही नाही, त्याचंच तिला जास्त लागलंय.

मला सगळं ठाऊक आहे हो! नव्वद उलटी होती, कोणती तेही सांगेन. पण करकरण्यापलीकडे मला भाषा नाही. आज मी मुद्दाम अडकून बसलो, तर त्याने हिसका देऊन ओढलं.

आता त्याच्या हातात औषधाचं कार्ड आहे. तो ते उलटं करतो, पुन्हा सुलट करतो.

"हे पाहिलं होतं का गं बाईंनी?"

"मला कसं माहीत असणार, दादा?"

अरे, पाहिलं होतं. फाडू नकोस. त्या हसल्या होत्या, आठव ना. तूही हसला होतास.