शिंपीणबाई आणि मी, न्यायालयाचा पडदा

मित्रांनो, न्यायालयाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे लाकडी चौकटीचा, जाड कापडाचा एक पडदा उभा आहे ना, तो मी. इथे माझ्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवतो.

आमच्या शहरात तेव्हा एका टोळीची दहशत होती. भरबाजारात खून व्हायचे, पण साक्ष द्यायला कुणी धजावत नसे. शेवटी सरकारने कायदा केला की साक्षीदाराचं नाव आणि चेहरा आरोपीला कळू द्यायचा नाही. त्यासाठी सुताराने मला घडवलं. मोठ्या न्यायाधीशसाहेबांनी माझ्या चौकटीवर हात फिरवला, आणि मी चांगलाच फुशारलो.

पहिली साक्ष एका शिंपीणबाईंची होती. खंडणी न देणाऱ्या फळवाल्याला टोळीच्या म्होरक्याने गोळी घातली, ते त्यांनी आपल्या दुकानातून पाहिलं होतं. म्होरक्या माझ्या पलीकडे बसला होता. बाई अलीकडे, हात मांडीखाली दाबून.

त्याच्या वकिलाने विचारलं, "गर्दीतला पाठमोरा माणूस तुम्ही ओळखलात कसा?"

"न ओळखायला काय झालं? डावा खांदा उतरता आहे त्याचा. दर शर्टाला त्या बाजूने पॅड घालावं लागतं."

बोलून गेल्या आणि बाईंनी जीभ चावली. पलीकडे म्होरक्या हसला. त्याचे शर्ट शिवणारं शहरात एकच दुकान होतं. माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

न्यायाधीशांनी विचारलं, "थांबायचंय का?"

"नको साहेब. त्याला कळायचं ते कळलं. आता निदान पुरतं सांगून तरी टाकते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. म्होरक्याला जन्मठेप झाली. वर्तमानपत्रांनी कायद्याचं कौतुक केलं, माझा फोटोही छापला.

निकालाच्या दिवशी संरक्षण अधिकारी बाईंना माझ्याआड घेऊन आले. "ताई, गाव नवं, नाव नवं. घर सरकार देईल. पण शिवणकाम कायमचं बंद. त्यावरूनच टोळीची माणसं तुम्हाला हुडकतील."

"मग मी दिवसभर करू काय?"

"बघू, काहीतरी निघेल."

तेवढ्यात बाईंना माझ्या कापडाची उसवलेली कड दिसली. पर्समधून सुईदोरा काढून त्यांनी चार टाके घातले आणि सुई अधिकाऱ्यांच्या हातात दिली. मला फार रडू आलं, पण लाकडाला कुठलं रडता येतं!

आता साक्षी कॅमेऱ्यावरून होतात. माझी गरज उरली नाही, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. बाईंची आठवण मात्र रोज येते. मित्रांनो, तुमच्या शेजारी कधी एखादी एकटी, अबोल बाई राहायला आली, तर कुठून आलात म्हणून खोदून विचारू नका. नुसतं जाऊन तिच्याजवळ बसा.