भाताचे दिवस

दत्ताराम राऊळांचं वजन सात आठवडे एकोणनव्वद किलोवर ठाण मांडून बसलं होतं. गुडघा बदलायचा तर आधी पंच्याऐंशीवर या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि गुडघा बदलल्याशिवाय नाहूरच्या देवळात कीर्तनाला टाळ घेऊन उभं राहता येणार नव्हतं. बावीस वर्षं ते बुवांच्या मागे उभे राहिले. आता भिंतीकडेची प्लास्टिकची खुर्ची मिळाली होती. देवाच्या नामाला खुर्ची चालते हो, टाळकऱ्याच्या पायांना चालत नाही.

"रोज तेवढंच कमी खाऊन शरीर सरावलंय, काका," आहारतज्ज्ञ निधी म्हणाली. "आता दिवस बदलत राहू. आठवड्यातले तीन दिवस भात, पोळी, बटाटा, साखर बंद. डाळ, भाजी, मासे पोटभर. बाकी चार दिवस भात-पोळी खायची, पण मोजून. तीन दिवस कुठले ते तुम्हीच ठरवा."

दत्तारामांनी तिथेच ठरवलं. सोमवार, गुरुवार, शनिवार. तिन्ही उपासाचे.

"नाहीतरी त्या दिवशी मी भाताला शिवत नाही. वजन उतरेल, देवही खूश!"

तीन आठवड्यांनी काट्यावर नव्वद आले.

दत्ताराम उतरले. टाळांची पिशवी खुंटीवरून काढून सुनेपुढे धरली. "अनुपमा, बुवांना नेऊन दे. कुणा धडधाकट माणसाच्या हाती जाऊ देत."

अनुपमाने पिशवी परत खुंटीला लावली. गुरुवार होता, ती घरूनच काम करत होती. दुपारी जेवायला आली आणि सासऱ्यांच्या ताटाकडे बघतच राहिली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याच्या गोड फोडी.

"आई, हे काय?" तिने सासूबाईंना विचारलं.

"काय म्हणजे? उपास ना त्यांचा."

"अहो, साबुदाणा, वरी, रताळं... जे बंद करायला सांगितलं तेच आहे हे सगळं! भाताच्या वरताण!"

रुक्मिणीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे... यांचं वजन मी वाढवलं?"

"तू कशाला वाढवशील?" दत्ताराम घाईने म्हणाले. "तू एकदा वाढायचीस, मी तीनदा मागायचो. देवाचं नाव आणि माझं पोट!"

तरी रुक्मिणीबाईंनी पदर डोळ्यांना लावलाच.

अनुपमाने निधीला फोन केला. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "उपास मोडायला नको. उपासाचे तीन दिवस मोजून खायच्या दिवसांत धरा, खिचडी एक वाटी. आणि भात बंद मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी."

"बुधवारी? शुक्रवारी?" दत्ताराम कळवळले. "बांगड्याचो सार आणि भात नाय? ह्यो खरो उपास!"

मंगळवारी ते ताटावर बसले. मुगाची उसळ, माठाची भाजी, काकडी. समोर रुक्मिणीबाईंचंही ताट तसंच. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, असं लग्न झाल्यापासून म्हणणारी ही बाई.

"तुझा भात कुठाय?"

"लावलाच नाही आज."

"तुला कुठे गुडघा बदलायचाय गं?"

"तुमच्या उपासाला मी कधी भात खाल्ला? मग आताच कशाला खाऊ? आणि तुमच्यासमोर घास उतरायचा नाही. जेवा मुकाट्याने."

दत्ताराम जेवले. शुक्रवारी सारात बांगड्याचे दोन तुकडे जास्त होते आणि भाताचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

काटा आधी अर्ध्या किलोने हलला, मग थांबला, मग पुन्हा हलला. तेराव्या शनिवारी सकाळी रुक्मिणीबाई खिचडी परतत होत्या. बाहेर वजनकाटा सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. त्यांनी गॅस बारीक केला, कान दिला.

आणि बाहेरच्या खोलीत टाळ वाजले. एकदा, जपून. मग लागोपाठ.

आकडा विचारायची गरजच उरली नाही. रुक्मिणीबाईंनी वाटी काढली, खिचडी काठोकाठ भरली, आणि क्षणभर थांबून वरचा एक चमचा परत कढईत टाकला.