म्हशीनं खाल्लेला शेवट

मी कादंबरी बोलतेय. तोंड वाकडं करू नका, ते मी आधीच करून बसलेय. माझ्या मुखपृष्ठावर एक पुरुष शर्टाची बटणं उघडी टाकून उभा आहे आणि एक बाई त्याच्या अंगावर कोसळलीय. आतही तेच. दर प्रकरणात तिचा पाय मुरगळतो आणि दर प्रकरणात तो झेलतो. तो अब्जाधीश, उद्धट, आणि त्याच्या डोळ्यांत म्हणे समुद्र! लेखकानं असल्या ढीगभर पाडल्या, नावं तेवढी बदलली. मला माझीच किळस येते.

कोडोलीच्या वाचनालयात मी मागच्या कपाटात पडून होते. तिथून मला पूर्णिमाबाईंनी उचललं. त्या शाळेत मराठी शिकवतात, शिवाय वाचनालयाच्या कमिटीवर आहेत. "सासूबाईंना हवीय," असं त्यांनी ग्रंथपाल बाळासोंना सांगितलं. सासूबाईंनी उभ्या जन्मात पुस्तक हातात धरलेलं नाही.

माझी रवानगी थेट गोठ्यात, सरकी पेंडीच्या पोत्यात झाली. संध्याकाळी म्हशीपुढं आंबोण ठेवलं की बाई बादली पालथी घालून वाचत बसायच्या. पायाशी शेण, डोळ्यांत पाणी. "शी, काय घाणेरडं लिहिलंय!" म्हणायच्या आणि पान उलटायच्या. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि शाळेत जाऊन चांगल्या साहित्यावर भाषण! मला त्यांचीही किळस येऊ लागली. आवडतं तर आवडतं म्हणावं की!

एकदा सासूबाईंची हाक आली, तशी बाईंनी घाईत मला गव्हाणीत टाकलं. माझ्या अंगाला पेंडीचा वास मुरलेला. म्हशीनं शेवटचं प्रकरण ओढून खाल्लं. तिला ते पचलंही. बाईंनी लाळ पुसून मला गुपचूप परत केलं.

मग मला तानाबाईंनी नेलं. डेअरीच्या दारात त्यांचा चहाचा गाडा आहे. त्या उतारवयात अक्षरं शिकल्या, त्यामुळं बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या. दूध घालायला आलेली माणसं चिडवायची, "काय तानाबाई, या वयात लव्हस्टोरी?"

"व्हय. तुझ्या का पोटात दुखतंय?"

परवा कमिटी बसली. माझ्यासारख्या सगळ्या कादंबऱ्या रद्दीत घालायचा विषय होता. सगळ्यात मोठा आवाज पूर्णिमाबाईंचा. "हा कचरा वाचणाऱ्यांची कीव येते मला!"

तेवढ्यात तानाबाई मला घेऊन दारात आल्या.

"बाळासो, हिची शेवटची पानंच न्हाईत. त्यो परदेशी गेलता न्हवं, परत आला का न्हाय? कोणतरी सांगा की."

"असलं हितं कोण वाचतंय, मावशी?" बाळासो म्हणाले, आणि कमिटी खो खो हसली.

तानाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला पदराखाली घेतलं. भर रस्त्यात मोठ्यानं वाचणारी बाई ती! मला त्या हसण्याची शिसारी आली.

"आला," पूर्णिमाबाई म्हणाल्या. मान खाली होती. "विमानतळावर आला. तिचा पाय मुरगळला होता. त्यानं उचललं आणि म्हणाला, 'तुझ्याशिवाय माझे अब्जही शून्य आहेत.'"

"पण ही तर तुम्ही सासूबाईंसाठी नेलती," बाळासो म्हणाले.

"मीच वाचली. गोठ्यात बसून. शेवट आमच्या म्हशीनं खाल्ला."

आता कुणी हसलं नाही. तानाबाईंनी मला पदराबाहेर काढून बाळासोंच्या टेबलावर ठेवलं. "आला न्हवं? मग बास," म्हणाल्या आणि गाड्याकडं गेल्या.

रद्दीचा निर्णय अजून लोंबकळतोय. कालपर्यंत मी त्या टेबलावरच बिनशेवटाची पडून होते. ते अब्ज-शून्याचं वाक्य अजूनही मला ओकारी आणतं. रद्दीत घाला, माझी हरकत नाही. पण जोवर आहे तोवर, मला न्यायचं तर काल पूर्णिमाबाईंनी नेलं तसं न्या. सगळ्यांदेखत टेबलापाशी येऊन त्या म्हणाल्या, "बाळासो, या वेळी माझ्या नावावर लिहा."