चौऱ्याऐंशी फोटो, एकोणीस ओळखी

मित्रांनो, मी एक जुना अल्बम आहे. जाड काळ्या पानांचा, अंजिरी रंगाच्या कापडी पुठ्ठ्याचा. माझ्या पोटात चौऱ्याऐंशी फोटो आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक माणसाला मी ओळखतो. तुमच्याशी मी आज बोलतो आहे खरा, पण ज्या घरात मी राहतो, तिथे माझा शब्द कुणाच्याही कानापर्यंत पोहोचत नाही. माझी सगळी कहाणी या एका अडचणीची आहे.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीच्या दुकानात झाला. दुकान कसले, जिन्याखालची अंधारी खोली. तिथला म्हातारा बांधणीवाला मेण लावलेल्या दोऱ्याने पाने शिवायचा आणि खळ घट्ट झाली की सगळ्या जगावर करवादायचा. माझ्या प्रत्येक दोन पानांमध्ये त्याने पातळ, कुरकुरीत कागद घातला. मला विकत घ्यायला आलेल्या माणसाला तो म्हणाला, "फोटो एकमेकांना घासता कामा नयेत. माणसं घासली तर चालतात."

मला घेणारा माणूस वायरमन होता. त्याच्या कमरेला कायम पक्कड लटकलेली असे. एका फोटो स्टुडिओत त्याने दिवे बसवून दिले होते, तेव्हापासून स्टुडिओवाल्याशी त्याची गट्टी जमली होती. स्टुडिओवाला आपला जुना कॅमेरा त्याला रविवारी वापरायला द्यायचा. त्या काळी लोक नटूनथटून स्टुडिओत जात आणि श्वास रोखून फोटो काढून घेत. या वायरमनला मात्र रोजचेच टिपायचा नाद होता. नळावरची बादल्यांची रांग, कोळशाची इस्त्री फुंकणारी शेजारीण, गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या, सायकलच्या दांड्यावर बसून झोपी गेलेला धाकटा मुलगा. एकदा स्टोला पिन मारत बसलेल्या बायकोवरच त्याने कॅमेरा रोखला.

"अहो, निदान केस तरी विंचरू द्या!" ती ओरडली.

"केस विंचरलेस की तू दुसरीच कुणीतरी वाटतेस," तो म्हणाला आणि बटण दाबले.

फोटो काढणारा तोच, त्यामुळे तो स्वतः कुठल्याच फोटोत नव्हता. फक्त एकदा त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने हट्टाने कॅमेरा हातात घेतला. वायरमन शिडीवर चढून दिव्याची वायर जोडत होता. मुलीने नेम धरला. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात शिडी होती, वायर होती, पक्कड धरलेला हात होता, पण गळ्याच्या वर काहीच नव्हते. मुलगी रडकुंडीला आली. वायरमन मात्र पोट धरून हसला. "बरं झालं! डोक्याचा तसाही मला कधी उपयोग झाला नाही." त्याने तो फोटो चार कागदी कोपरे लावून सातव्या पानावर बसवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत वायरमन गेला.

ती मुलगी मोठी झाली, एका कचेरीत टंकलेखिका झाली. तिने लग्न केले नाही. भावाच्या संसारातच राहिली आणि भावाच्या मुलाची आत्या झाली. पुढे सारी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे! रविवारी दुपारी जेवणे आटोपली की आत्या मला मांडीवर घेई. सगळे भोवती कोंडाळे करून बसत. एकेका फोटोवर अर्धा अर्धा तास जाई. कुणाची बादली कुणी लपवली, कोणत्या बाईने इस्त्री करताना स्वतःचाच पदर जाळला, सगळे ती साग्रसंगीत सांगे. ऐकणारे हसून हसून लोळत.

भाऊ एकदा म्हणाला, "ताई, फोटोंच्या मागे नावं तरी लिहून ठेव."

"कशाला?" आत्या म्हणाली. "मी काय मेले आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आज फार पश्चात्ताप होतो.

मग दिवस बदलले. घरात टीव्ही आला, पुढे हाताहातांत फोन आले. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या घोंगडीखाली झाली. कसर माझा पुठ्ठा चाखू लागली. आत्याचा भाऊ वारला, भावजयही गेली. घरात उरले ती आत्या, भावाचा मुलगा आणि त्याची बायको. मुलाला लहानपणापासून आत्या गडबड्या म्हणायची, कारण तो शर्टाची बटणे लावायच्या आधीच घराबाहेर पडायचा; रविवारच्या त्या कोंडाळ्यातही तो कधी टिकला नाही. त्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायचे काम करी. आत्या तिला सूनबाई म्हणे.

आत्याला एक्क्याऐंशीव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळे होते. पण तोंडातून "ते… ते…" याखेरीज काही उमटत नव्हते. जिचे बोलणे ऐकायला माणसे ताटावरून उठून येत, तिला पाणी मागता येईना.

गडबड्या मनाने वाईट नव्हता, हे मला आधी सांगितले पाहिजे. आत्याला बरे वाटावे म्हणूनच त्याने मला खाली काढले. फुंकर मारून धूळ उडवली, फोनने भराभर सगळ्या पानांचे फोटो घेतले आणि तो ते नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला लागला. आजोबा त्याने कधी पाहिलेच नव्हते. पाने उलटत तो पुटपुटला, "यातले आजोबा कुठले?" सातव्या पानावर त्याचा अंगठा क्षणभर थांबला. "हा कोण मुंडकं नसलेला!" म्हणून तो पुढे गेला.

मी जीव तोडून ओरडलो, "अरे, तेच ते!" पण अल्बमचे ओरडणे कोण ऐकणार? फार तर पान जरासे कुरकुरते.

सोळाव्या पानावर एक रुबाबदार माणूस खुर्चीत बसला होता. झुपकेदार मिशा, कोट, गुडघ्यावर हात. इतर चार-पाच फोटोंतही तोच होता. गडबड्याने ठरवून टाकले की हेच आजोबा. खरे तर ते शेजारच्या खोलीतले टपालवाले काका होते. त्यांना मागे-पुढे कुणी नव्हते, म्हणून वायरमनच्या घरी त्यांचा राबता असे.

ग्रुपवर नुसती धमाल उडाली. "आजोबा काय देखणे होते रे!" "नाक अगदी तुझंच!" "आमच्या धाकटीची हनुवटी बघ, हुबेहूब!" चाळीस घरांत तो फोटो गेला. ज्या माणसाला एकही नातेवाईक नव्हता, त्याचे नाक आणि हनुवटी त्या दिवशी सगळ्यांनी आपापसांत वाटून घेतली. मला हसू येत होते आणि रडूही.

गडबड्या एवढ्यावर थांबला नाही. त्याने तो फोटो दोन हात मोठा करून घेतला, सोनेरी चौकटीत बसवला आणि आत्याच्या पलंगासमोरच्या भिंतीवर टांगला. "आत्या, बघ कोण आलंय! तुझे बाबा!"

आत्याने पाहिले. तिचे डोळे विस्फारले. "ते… ते…" ती डावा हात हलवू लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"बघितलंस?" गडबड्या बायकोला म्हणाला. "वडिलांना बघून रडली ती." त्याने हाही प्रसंग फोनवर टिपला आणि ग्रुपवर टाकला.

मित्रांनो, मी तेव्हा पलंगाजवळच्या स्टुलावर होतो. आम्ही दोघेच खरे काय ते जाणत होतो. एकीला वाचा नव्हती आणि दुसऱ्याला ती कधी मिळालीच नव्हती. असे तीन आठवडे गेले. सकाळी डोळा उघडला की आत्याला समोर परका माणूस दिसे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणे, "वा! वडील समोर असले की बरं वाटतं ना?"

एका सुटीच्या दिवशी सूनबाई आत्याला सूप भरवत होती. बोलता न येणारी माणसे ती दवाखान्यात रोज पाहायची. कुठे दुखते ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायची तिला सवय होती. तिने चमचा खाली ठेवला.

"अहो, इकडे या जरा," तिने नवऱ्याला हाक मारली. "आत्याबाई रडत नाहीत. चिडल्यात त्या."

"चिडल्यात? कुणावर?"

सूनबाईने आत्याचा डावा हात हातात घेतला. "आत्याबाई, हो असेल तर एकदा दाबा. नाही असेल तर दोनदा. हे तुमचे बाबा आहेत?"

आत्याने हात दाबला. पुन्हा दाबला. मग पुन्हा दोनदा, आणि पुन्हा दोनदा, इतक्या जोराने की सूनबाईच्या बांगड्या वाजल्या.

गडबड्याने खिशातून फोन काढला. "आता ग्रुपवर काय सांगू? लोकांची नाकं जुळवून झाली!"

सूनबाईने मला उचलून आत्यासमोर धरले आणि "बाबा दाखवा" म्हणत ती एकेक पान उलटू लागली. सातव्या पानावर आत्याची बोटे फोटोवर पडली ती उठेचनात.

"हे?" गडबड्या वाकून पाहू लागला. "पण यात तोंडच नाही!"

"नसेना का," सूनबाई म्हणाली. "ते आहेत ना."

तो बराच वेळ त्या शिडीकडे आणि पक्कड धरलेल्या हाताकडे पाहत राहिला. मग भिंतीवरची चौकट काढायला उठला. आत्याने लगेच हात हलवला. सूनबाईने विचारले, "राहू दे का तोही फोटो?" आत्याने एकदाच दाबले. मग मुंडके नसलेल्या वायरमनचा छोटा फोटो टपालवाल्या काकांच्या शेजारी लागला. गडबड्याने ग्रुपवर चुकीची कबुली दिली. फोटो चाळीस घरांत गेला होता, कबुली तिघांनी वाचली. बाकीच्यांकडे आजोबा आजही मिशावाले आहेत.

त्या दिवसापासून सूनबाई कामावरून आली की पाऊण तास माझ्यासाठी काढू लागली. तिने आधी अक्षरांचा तक्ता आणला, पण जिने तीस वर्षे टंकलेखन केले तिला अक्षरेच ओळखू येईनात. तेव्हा सूनबाईने घरात बोलण्यातून ऐकलेली नावे आठवून आठवून लिहून काढली आणि ती एकेका फोटोवर विचारू लागली. नातेवाईक की शेजारी? आईकडचे की बाबांकडचे? एक दाब, दोन दाब. कधी एका माणसासाठी चार दिवस लागत. कधी आत्या थकून तोंड फिरवी. टपालवाल्या काकांचे काम तिने दुसऱ्या फोटोतल्या पिशवीवर बोट ठेवून सांगितले, पण त्यांचे नाव काही सांगता आले नाही. ओळख पटली की सूनबाई फोटो हलकेच काढी आणि मागे पेन्सिलीने लिही. असे एकोणीस फोटो झाले.

विसाव्या फोटोत नळाखाली डोके धरलेली एक मुलगी आहे. आत्याने तो पाहिला आणि ती हसायला लागली. अर्धाच चेहरा हलत होता, आवाज येत नव्हता, पण सगळे अंग गदगदत होते. सूनबाई विचारत राहिली, "मैत्रीण? बहीण? काय झालं होतं?" आत्याला हात दाबायचेही भान नव्हते. शेवटी सूनबाईही काही न कळता हसू लागली. डोळे पुसत म्हणाली, "उद्या विचारते हं नीट."

पहाटे झोपेतच आत्या गेली.

पासष्ट फोटो उरले. त्यांतल्या माणसांची मला नुसती नावेच नव्हे, खोड्याही पाठ आहेत. सूनबाई अजून अधूनमधून मला उघडते, एखाद्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते आणि मिटून ठेवते. मी तिला काहीही देऊ शकत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझी धूळ झटका, हे तर मी सांगेनच. पण नुसता मला जपून काही उपयोग नाही. तुमच्या घरी कुणी थकलेले माणूस असेल तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. एकच फोटो घ्या आणि विचारा, "हे कोण?" उत्तर मिळाले की लिहा, आणि मग विचारा, "पुढे काय झालं?" तुमच्याजवळ वेळ नसेल तेव्हाही विचारा.

नळाखालच्या मुलीच्या फोटोमागे सूनबाईने आत्याच्या जाण्यानंतर दोन ओळी लिहिल्या आहेत: "ही कोण, माहीत नाही. हिला बघून आत्याबाई खूप हसल्या."