चोरस्विच

लष्कराच्या लिलावातून आलेला तो पेट्रोल ट्रक अख्ख्या वलवणात एकट्या मारुतीआबांचं ऐकायचा. इंजिनातले ठिणगी पाडणारे पॉइंट सारखे काळे पडायचे. मग आबा येणार, काडेपेटीच्या कडेनं ते घासणार, गाडीला दोन प्रेमळ शिव्या हासडणार, आणि मगच ती खोकत सुरू होणार. त्यांची सून समीक्षा पॉलीहाऊसमधले गुलाब याच ट्रकनं सोमाटण्याला पोचवायची. चालवायची ती, पण सकाळी आधी हाक मारायची, "आबा, या हो जरा!" आबा त्या हाकेसाठी पहाटेच तोंड धुऊन तयार असत. वर आव असा, की जगात यांच्याइतकं कामात कुणी नाही.

एक दिवस समीक्षानं इलेक्ट्रॉनिक इग्निशनची डबी मागवली. पॉइंट नाहीत, घासणं नाही. दोन तारा जोडल्या की चावी फिरवेल त्याची गाडी. म्हातारपणाचं आबांना कधी काही वाटलं नव्हतं, पण ही हाक बंद होणार म्हणून ते खरोखर घाबरले.

"मिस्त्रीला बोलवू का?" समीक्षानं विचारलं.

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात? मी काय मेलो काय?"

आबांनी जुने पॉइंट काढले, नवी डबी बसवली, काळी तार कॉइलला जोडली. लाल तार मात्र गुपचूप सीटखालून फिरवून आणली आणि तिथं एक चोरस्विच दडवला. गाडी चोरांनी नेऊ नये म्हणून लोक असा लपवलेला खटका बसवतात. इथं मालकानंच तो सुनेसाठी बसवला.

दुसऱ्या दिवशी समीक्षानं चावी फिरवली. स्टार्टर नुसता गुरगुरला. "आबा, या हो जरा!"

आबा आले, वाकले, सीटखाली हात घालून भक्तिभावानं नमस्कार केला आणि चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात गाडी चालू.

"यंत्र नवं असलं तरी हात जुनाच लागतो," आबा मिशीत हसले.

"देवळात कवा कंबर वाकली न्हाई," त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, ओट्यावरून सुनावलं, "आन् आता ट्रकच्या पाया पडत्यात!"

मग हे रोजचंच झालं. वाटेत बंद पडली तर, या सबबीवर आबा सोमाटण्यापर्यंत सोबत जायचे आणि आडव्या घुसणाऱ्या टेम्पोवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यात त्यांचा दिवस मजेत जायचा.

एकदा आबा डोळे तपासायला लोणावळ्याला गेले होते. तिथं नंदाबाईंचा फोन आला. "लग्नाची फुलं आजच मागितली हो. समीक्षा..."

आबांचं धाबं दणाणलं. पोरीचे गुलाब आपल्या खोडीपायी सुकणार! भरल्या दवाखान्यात ते ओरडले, "अगं, तिला सांग, सीटखाली चोरस्विच हाय! मीच बसवलाय!"

पलीकडून नंदाबाईंचं हसू ऐकू आलं. "ती कवाच गेली. येताना तुमाला घेणार हाय, स्टँडवर थांबा."

तासाभरानं ट्रक समोर येऊन थांबला. आबा शेजारी चढून बसले.

"तुला कवा कळलं?"

"पयल्याच दिशी. देवालासुदिक न वाकणारा माणूस सीटखाली वाकतो, मग मी बी वाकून बघितलं."

"मग रोज हाका कशाला मारत व्हतीस?"

समीक्षानं गिअर टाकला. "आज एकलीच गेलते. सोमाटण्याच्या चौकात तिघं आडवे घुसले आबा, आन् शिव्या द्यायला कुणी न्हाई. रस्ता लय लांब वाटला."

आबांचे डोळे भरून आले. औषधाचे थेंब आहेत, असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. मग म्हणाले, "उद्यापासून हाक मारू नगंस."

"मग?"

"मीच येऊन बसतो."